परदेशातील पशुवैद्यक पदवी घेऊन बेळगाव जिल्ह्यात व्यवसाय करता येईल का?

निपाणीचा पालक
नमस्कार. मुलगी बारावी विज्ञान उत्तीर्ण असून तिला पशुवैद्यच व्हायचे आहे. यंदा सरकारी जागा हुकली. एक सल्लागार फिलिपिन्समधील सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुचवतात आणि ‘एमबीबीएस करून आलेल्यांप्रमाणे येथे एक परीक्षा दिली की पुरे’ असे सांगतात. तिला निपाणी-चिकोडी भागात दवाखाना काढता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खानापूरचा निवृत्त पशुवैद्य
सल्लागारांनी माणसांच्या डॉक्टरांचा नियम जनावरांच्या डॉक्टरांना लावला आहे. आपल्याला लागू होतो तो १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत देशातील, तर दुसऱ्या अनुसूचीत परदेशातील मान्य पदव्या दिलेल्या असतात; आणि कलम ३० प्रमाणे ज्याचे नाव पशुवैद्यांच्या अधिकृत नोंदवहीत नाही, त्याला सरकारी पशुवैद्य होता येत नाही, खासगी व्यवसाय करता येत नाही, जनावराच्या आरोग्य दाखल्यावर सहीसुद्धा करता येत नाही. संस्था त्या देशात कितीही नावाजलेली असो, तिची नेमकी तीच पदवी दुसऱ्या अनुसूचीत आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी परिषदेला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. सल्लागाराच्या तोंडी आश्वासनावर घरची जमीन गहाण टाकू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

अथणीची दूध उत्पादक
वरील मुद्द्याला जोडून लिहिते. फिलिपिन्समधील काराबाव ही प्रामुख्याने शेतकामाची, दलदलीत वावरणारी म्हैस. आमच्या गोठ्यांत मुऱ्हा आणि पंढरपुरी. उन्हाळ्यातला मुका माज (म्हैस माजावर येते, पण लक्षणे दिसत नाहीत), घटसर्प (जनावरांच्या घशाला सूज आणणारा जीवघेणा आजार), संकरित गाईंचा गोचीड ताप यांवरच आमच्याकडे डॉक्टरांची खरी परीक्षा होते. मुलगी कुठेही शिको, सुट्टीत तिने येथील दवाखान्यात अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली राहावे आणि कन्नडही नीट बोलायला शिकावे, कारण अर्धे पशुपालक आजार कन्नडमध्येच सांगतील.

खानापूरचा निवृत्त पशुवैद्य
एक हिशेब राहिला. येथील पदवी आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांची आहे. एक वर्ष थांबून पुन्हा प्रयत्न केला, तरी सहा वर्षांच्या परदेशी अभ्यासक्रमापेक्षा सहाच महिने जास्त लागतात. कर्नाटकातील जागांखेरीज नीटच्या गुणांवर भरल्या जाणाऱ्या १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठीही अर्ज करावा. त्यांतून महाराष्ट्रातील शिरवळ किंवा परळसारख्या पशुवैद्यक महाविद्यालयांचा मार्गही खुला होतो.

निपाणीचा पालक
मनःपूर्वक आभार. परिषदेला पत्र याच आठवड्यात पाठवतो. उत्तर येईपर्यंत सल्लागारांना आगाऊ रक्कम देणार नाही.