हापूसची पेटी फळांची पेटी का नाही? (जावा जेनेरिक्स)

रात्रपाळी:
जावावाल्यांनो, एकदा समजावून सांगा. बिल हा क्लास व्हाउचर एक्स्टेंड करतो, म्हणजे प्रत्येक बिल व्हाउचरच ना, मग लिस्ट<व्हाउचर> घेणाऱ्या मेथडला लिस्ट<बिल> दिली की कंपायलरच्या पोटात का दुखतं? बेरीज करून छापणारी मेथड आहे, दुसऱ्या टीमच्या लायब्ररीतली, तिला हात लावता येत नाही. सरळ कास्टही ("ही त्याच टाइपची समज" असं कंपायलरला सांगणं) चालेना. शेवटी आधी लिस्ट<?> (कशाचीही लिस्ट) आणि मग लिस्ट<व्हाउचर> असं डबल कास्ट मारलं, पिवळी वॉर्निंग आली तिचं तोंड सप्रेसवॉर्निंग्जने बंद केलं, मस्त पळतंय. हे कंपायलरचं उगाचचं सोवळं आहे, असं माझं मत.

पेटीवाला:
सोवळं नाही हो. फळांची पेटी म्हटली की मी त्यात कलिंगडही टाकणार. तुम्ही हापूसची पेटी "फळांची" म्हणून माझ्या हातात दिलीत आणि मी कलिंगड कोंबलं, तर बोंब कुठे? ज्याने घरी नेऊन हापूस म्हणून उघडली त्याच्याकडे! त्या मेथडने तुमच्या लिस्टमध्ये क्रेडिटनोट (तेही एक व्हाउचरच, पण बिल नव्हे) ॲड केली तर तिथे कोणी अडवणार नाही, इरेजरमुळे रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, आतला टाइप पुसलेला असतो. फुटणार नंतर, तुम्ही बिल म्हणून लूप फिरवाल तिथे. क्लासकास्टएक्सेप्शन.

रात्रपाळी:
पण ॲरेला चालतं की! बिल[] बिनधास्त व्हाउचर[] म्हणून देता येतो. ॲरे सख्खा आणि लिस्ट सावत्र?

पेटीवाला:
ते जुनं दुखणं आहे. जेनेरिक्स, म्हणजे लिस्ट कशाची ते कंसात लिहायची सोय, आले 2004 ला, जावा 5 मध्ये. त्याआधी कुठलाही ॲरे सॉर्ट करणारी एकच मेथड लिहायची तर ऑब्जेक्ट[] घेण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून ती सूट. पण ॲरेला स्वतःचा टाइप रनटाइमला माहीत असतो, चुकीचं टाकलंत की जागच्या जागी ॲरेस्टोअरएक्सेप्शन. लिस्टच्या दाराशी तो वॉचमनच नाही.

वाइल्डकार्ड_त्रस्त:
मी धागाकर्त्याच्या बाजूने. नियम बरोबर असेल, पण ओझं कोणाच्या डोक्यावर? लायब्ररीवाल्याने लिस्ट<? एक्स्टेंड्स व्हाउचर> (व्हाउचरची किंवा त्याच्या कुठल्याही उपप्रकाराची लिस्ट) लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण ते प्रत्येक मेथडला आठवणीने लिहायचं, विसरणार एक आणि भोगणार बाकीचे. कॉटलिन भाषेत साधी लिस्ट वाचण्यापुरतीच, त्यामुळे लिस्ट<बिल> सरळ लिस्ट<व्हाउचर> म्हणून जाते. ॲड पाहिजे तर म्युटेबललिस्ट घ्या, तिला ही सवलत नाही. सी शार्पनेही 2010 ला 4.0 मध्ये आयइन्यूमरेबलला (नुसतं एकेक वाचत जायचा टाइप) हेच केलं.

शार्पकाका:
अर्धंच सांगितलंत. आयइन्यूमरेबल<स्ट्रिंग> ऑब्जेक्टचं म्हणून जातं, आयइन्यूमरेबल<इंट> नाही जात, कारण बॉक्सिंग (साधा आकडा ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणं) लागतं. आणि लिस्टला तिथेही ही सवलत नाही. पण मी म्हणतो नवीन लिस्ट करायला एवढं काय घाबरता? न्यू ॲरेलिस्ट<व्हाउचर>(बिलं), एक ओळ. बिलं कॉपी होत नाहीत, नुसते रेफरन्स (त्यांचे पत्ते). 2 लाख बिलं, 4 बाइटचा रेफरन्स धरला तर 8 लाख बाइट, एक एमबीसुद्धा नाही.

रात्रपाळी:
दर कॉलला 8 लाख बाइट, का म्हणून? नुसतं वाचायचंय तिला.

पेटीवाला:
मग कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट(बिलं) करा, त्याच लिस्टवर नुसती वाचायची खिडकी. ती लिस्ट<? एक्स्टेंड्स टी> घेते आणि लिस्ट<टी> परत देते. कॉपी नाही, कास्ट नाही, वॉर्निंग नाही. मेथड खरंच नुसती वाचत असेल तर.

रात्रपाळी:
लावलं, आणि लाइव्हचा डेटा आणून चालवलं. अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन, म्हणजे कोणीतरी त्या लिस्टमध्ये बदल करायला गेलं 🤦 स्टॅक ट्रेस बघतो तर ती "छापणारी" मेथड, बेरजेत सुटे पैसे आले की राउंडऑफ नावाचं व्हाउचर शेवटी स्वतःच ॲड करते, तेही माझ्याच लिस्टमध्ये! आमची टेस्टिंगची बिलं सगळी 500, 1200 अशी गोल रकमेची, त्यामुळे कधी दिसलंच नाही. शेवटी काकांची ओळ टाकली. तरी सांगतो, चूक लायब्ररीवाल्याची, कंपायलरचा आपला मटका लागला.

वाइल्डकार्ड_त्रस्त:
थांबा, म्हणजे आत ॲड असेल तर त्यांना ? एक्स्टेंड्स लावताच आलं नसतं. बरं, एवढ्यापुरता मुद्दा मागे. कॉटलिनबद्दल ठाम आहे.

पेटीवाला:
ते डबल कास्ट लाइव्हला गेलं नाही ना?

रात्रपाळी:
शनिवारी जाणार होतं. मॅनेजरला सांगितलंय, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे म्हणून.