गाड्या उशिरा आल्या तर करार थेट रद्द करता येतो का?

प्रश्न: टोरंटोच्या मेट्रोलिंक्स या सरकारी वाहतूक संस्थेने 2010 मध्ये बॉम्बार्डियर या गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे 182 लाइट रेल (ट्रामसारख्या) गाड्या मागवल्या. त्या रखडल्या, तरी 2017 मध्ये न्यायालयाने करार मोडू दिला नाही. का?

उत्तर १: गाड्या वेळेवर आल्या असं न्यायालय म्हणालंच नाही. करारात वाद सोडवण्याची प्रक्रिया होती, ती आधी पूर्ण करा, एवढंच. त्याच वर्षी तडजोडीत 182 च्या 76 झाल्या. तोवर 61 गाड्या आल्स्टॉम या दुसऱ्या उत्पादकाकडे मागवूनही झाल्या होत्या!

उत्तर २: उशीर तारखेवरून सिद्ध होतो. खरी डोकेदुखी गाडी घसरण्याची. बॉस्टनच्या ब्रेडा टाइप 8 या लाइट रेल गाडीत मधल्या लो-फ्लोअर भागाखालची डावी-उजवी चाकं एका आसाने जोडलेली नाहीत, स्वतंत्र फिरतात. त्यामुळे वळणावर ती आपोआप सावरत नाहीत, फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड) रुळावर चढते. मग उत्पादक रुळाकडे बोट दाखवतो, गाड्या चालवणारी एजन्सी बोगीकडे (चाकं बसवलेल्या सांगाड्याकडे). बहुधा दोघांचंही थोडं खरं असतं. तिथे फ्लँजचा कोन 63 वरून 75 अंशांवर न्यावा लागला. म्हणून निविदेलाच रुळांची प्रत्यक्ष मापं जोडा: गेज (दोन रुळांमधलं अंतर), रुळांचा पीळ, झीज, सर्वांत तीव्र वळण. आदर्श नकाशातली नव्हे, आज रुळावर आहेत ती.

उत्तर ३: पैशांचं विसरू नका. स्वीकृती चाचणी होईपर्यंत काही टक्के रक्कम राखून ठेवा. आणि ‘चाचणी यशस्वी’ म्हणजे बिघाडाविना किती किलोमीटर, हा आकडा सहीआधीच लिहून घ्या. नंतर त्याच एका ओळीवर वकील पोसावे लागतात.