मदत हवी आहे : अमेरिकेतून पत्ते मागवताना शिपिंग कसं वाचवायचं?

‘बायसिकल’ या ब्रँडचे साधे, नेहमीच्या ‘रायडर बॅक’ पाठीचे पत्त्यांचे कॅट पुण्यात सहज मिळतात, प्रश्न मर्यादित आवृत्त्यांचा आहे. मला हवा असलेला कॅट अमेरिकेतल्या एका ऑनलाइन दुकानात १४ डॉलरला आहे, पण शिपिंग २९ डॉलर! जेमतेम शंभर ग्रॅमची वस्तू. वर कस्टम ड्युटी लागते ती शिपिंग धरून, म्हणजे दुहेरी फटका.

कार्टमध्ये सहा कॅट टाकून पाहिले, शिपिंग ३८ वर गेलं. म्हणजे एकत्र मागवणं परवडतं. पण गेल्या वेळी तेच केलं, तर दुसऱ्या दुकानाने पैसे घेतल्यावर सहातले दोन ‘स्टॉक संपला’ म्हणून कळवले. त्या दोन कॅटांचे पैसे परत आले, शिपिंग मात्र पूर्ण कापलं.

न्यू जर्सीच्या मावसभावाकडे पाठवता येईल, पण तो थेट पुढच्या मे महिन्यात येणार. तोवर दुकानातला स्टॉक टिकायचा नाही. मला सील शाबूत हवं, डबीचे कोपरे चेपलेले चालणार नाहीत, त्यामुळे नुसत्या पाकिटातून नको.

कुणी १२ कॅटांचा अख्खा ब्रिक वाटून मागवलाय का? ड्युटीसकट एका कॅटमागे किती पडले? आणि ऑर्डरआधी स्टॉक खरा आहे की नाही, हे तुम्ही कसं तपासता?