सुपारीच्या रोपांवर लाल कोळी: मित्रकीटक राखून आवर कसा घालावा?

सत्तरी_कुळागर
पोफळीची दोन वर्षांची ३०० रोपं आहेत. फेब्रुवारीपासून खालच्या झावळ्या पिवळ्या पडून तांबूस होताहेत. पान उलटून भिंगाखाली धरलं की लाल ठिपके सरकताना दिसतात, जाळी नाही. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक दोनदा मारलं, तर कोळी उलट वाढला. मध्ये केळी आहेत.

पोफळबन
सायपरमेथ्रिन आधी बंद करा. त्याने कोळी फारसा मरत नाही, मरतात ते त्याला खाणारे. मग त्याला रान मोकळंच.

जाळी नाही म्हणजे बहुधा राओइला इंडिका ही लाल कोळ्याची जात. १० पट भिंगातून त्याच्या अंगावर पांढुरके केस आणि केसांच्या टोकाला बारीक थेंब दिसतील. पांढरा कोळी, म्हणजे ऑलिगोनिकस, पातळ जाळीखाली राहतो. कोळ्यांच्या आसपास मोहरीपेक्षा लहान, काळा चकचकीत भुंगेरा दिसला तर तो कोळी खाणारा स्टेथोरस. त्याला जपा. शिवाय फिकट, चपळ, एकेकटा धावणारा परभक्षी, म्हणजे इतर कोळ्यांना खाणारा, कोळीही असतो, तो आपलाच.

फार माखलेल्या खालच्या झावळ्या कापून जाळा. उरलेल्यांवर खालून पाण्याचा जोराचा झोत मारा, धूळही जाईल. मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ५ ग्रॅम साबण. साबण थोड्या पाण्यात आधी विरघळवा, तेल घालून दुधासारखं होईपर्यंत घुसळा, मग बाकीचं पाणी. वर तवंग तरंगत असेल तर फवारू नका, पान करपतं. फवारा पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी. अंडी वाचतात, म्हणून १०-१२ दिवसांनी पुन्हा. सरसकट बाग भिजवू नका. फक्त लागण झालेली रोपं घ्या, भुंगेरे दिसतील ती सोडा.

डोंगरपायथा
केळीची पानंही उलटून बघा, हा कोळी केळीवर आणि माडावरही जगतो. पण केळी तोडू नका. सावली गेली की ऊन थेट रोपांवर येतं आणि कोळ्याला तेच हवं असतं.

सत्तरी_कुळागर
गंधक चालेल का? जुन्या पुस्तिकेत डायकोफॉल हे कोळीनाशकही आहे.

पोफळबन
डायकोफॉलवर २०२३ मध्ये देशभर बंदी आली, ते विसरा. गंधकाने परभक्षी कोळीही दगावतो, आणि एप्रिलच्या उन्हात पान भाजतं. तेल मारल्यावर निदान दोन-तीन आठवडे तर गंधक नकोच. नंतरही वापरायचंच झालं तर लेबलवर सुपारी आहे का ते बघा.

दर आठवड्याला ठरावीक १० रोपांची पानं उलटून मोजा. कोळी घटत असेल आणि भुंगेरे वाढत असतील, तर पुढची फवारणी टाळा.