वाफयुगातील किशोर कादंबरीच्या ट्रेलरसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि अकरा ते पंधरा वर्षांच्या वाचकांसाठी एक स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या कल्पित जगाची, कादंबरी लिहून पूर्ण केली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी आणि पूर्वी मिरजेपर्यंत येणारी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे यांचा आधार घेऊन, सगळी यंत्रे वाफेवरच चालत राहिली असती तर आपला कृष्णाकाठ कसा दिसला असता, याची कल्पना तिच्यात केली आहे. पुस्तक छापून येण्यापूर्वी एक मिनिटाचा ट्रेलर करायचा आहे.

मुलांना हा साहित्यप्रकार नावाने ठाऊक असेलच असे नाही. म्हणून निवेदकाने तो समजावून सांगावा, की दातेरी चाके आणि शिट्टी यांच्या आवाजावरच ट्रेलर उभा करावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण वाफेचे इंजिन आपले काम उघड्यावर करते. दांडा पुढेमागे सरकतो आणि चाक फिरते हे डोळ्यांना दिसते, आणि मुलांचे कुतूहल तिथेच जागे होते.

छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की त्याची छायाचित्रे आपल्या कायद्यानुसार स्वामित्वहक्कातून मुक्त होतात, त्यामुळे कारखान्यांची अशी जुनी चित्रे वापरता येतील. मात्र ती हलती करून देणारा कलाकार सांगली-मिरज परिसरात कोणाला माहीत आहे का? यूट्यूबवर ‘मुलांसाठी’ अशी नोंद केल्यास प्रतिक्रिया बंद होतात, तेव्हा मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळांच्या ग्रंथालयांतच ट्रेलर दाखवणे अधिक उपयोगी ठरेल का? मराठी बालपुस्तकासाठी ज्यांनी असा ट्रेलर केला आहे, त्यांनी खर्च आणि अनुभव सविस्तर कळवावा, ही आग्रहाची विनंती.