मदत हवी आहे: गॅस गिझरचा धूर आणि नंतरचा विसर

बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे बेशुद्ध पडलेल्यांची नंतरची तपासणी कशी ठेवता? मेंदूविकारवाल्यांनी जरूर सांगा.

बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. गिझरच्या धुरातला विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, चिकटलेलं हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजनचंच धरतो, म्हणून ९८ दिसलं तरी भरवसा नाही. मास्कने १०० टक्के ऑक्सिजन दिला की रक्तातलं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण सव्वा-दीड तासात निम्मं होतं. साध्या हवेत ४ ते ६ तास. (तेवढ्यात घरचे कांदा हुंगवत बसतात!)

खरी अडचण पुढे. काही दिवसांनी, कधी महिन्याभरानेही, विसर, चिडचिड, अडखळती चाल सुरू होते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो.

स्मरणशक्तीची मराठीतली कोणती चाचणी घेता, कितव्या आठवड्यात? एमआरआय सगळ्यांचा, की लक्षणं दिसली तरच? को-ऑक्सिमेट्री (रक्तातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारी तपासणी) तालुक्याला कुठे होते का?