'नाही'चा अर्थ एकच हवा, की अनेक चालतील?

तर्कटराव (मूळ धागा)

प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत 'नाही' म्हणजे काय, हे वापरणाऱ्याला माहीत असतं: सिद्ध करून पाहिलं, जमलं नाही, म्हणून खोटं. कीथ क्लार्कने १९७८ साली त्याला तर्कशास्त्राचा आधार दिला. लिहिलेत तेवढेच नियम आहेत असं धरायचं आणि प्रत्येक 'जर'चं 'जर आणि तरच' करायचं. खरं भांडण सुरू होतं ते नकार स्वतःभोवती फिरून आला की, म्हणजे विधान फिरून स्वतःच्याच खरं-खोटं असण्यावर टेकलं की. त्यावर १९८८ साली दोन उत्तरं आली. गेलफॉन्ड आणि लिफशिट्स यांची स्टेबल मॉडेल्स (काय खरं, काय खोटं याची नियमांत बसणारी मांडणी; अशा अनेक निघू शकतात किंवा एकही नाही), आणि व्हॅन गेल्डर, रॉस, श्लिफ यांचं वेल-फाउंडेड सिमँटिक्स (अर्थ लावायची पद्धत: मांडणी एकच, जे ठरत नाही ते 'अनिश्चित'). माझं मत सरळ आहे: अर्थ म्हणावा असा फक्त दुसरा. पहिलं म्हणजे कोडी सोडवायचं यंत्र.

हा एक नियम घ्या (':-' म्हणजे 'जर', स्वल्पविराम म्हणजे 'आणि'):

जिंकतो(क्ष) :- चाल(क्ष, य), नाही जिंकतो(य).

म्हणजे क्ष या घरावरून चाल करणारा जिंकतो, जर तिथून समोरच्याला हरणाऱ्या घरावर पाठवता आलं. घरं अ, ब, क, ड आणि चाली अशा: अ→ब, ब→अ, ब→क, क→ड. ज्याला चाल उरली नाही तो हरला. ड हरतो, म्हणून क जिंकतो. ब वरचा खेळाडू क कडे जाणार नाही, कारण तिथून समोरचा जिंकतो. मग दोघे अ-ब, अ-ब करत बसतात. बरोबरी. वेल-फाउंडेड हेच सांगतं: क खरं, ड खोटं, अ आणि ब अनिश्चित. स्टेबलवाल्यांकडे दोन मॉडेल्स. एकात अ जिंकतो, दुसऱ्यात ब. कोणत्या पटावर हो?

रात्रपाळी

पट तुमचा, म्हणून डावही तुमच्याच बाजूने. आता माझा प्रोग्राम बघा.

जोशी_कामावर :- नाही कदम_कामावर.
कदम_कामावर :- नाही जोशी_कामावर.
दवाखाना_उघडा :- जोशी_कामावर.
दवाखाना_उघडा :- कदम_कामावर.

दवाखाना उघडा आहे का? तुमचं सिमँटिक्स म्हणतं, सांगता येत नाही. अहो, दोघांपैकी कोणीही आलं तरी उघडाच! स्टेबल मॉडेल्स दोन, आणि दोन्हींत दवाखाना उघडा. शेंबडं पोरही हेच उत्तर देईल.

आणि यंत्र म्हणून हिणवू नका. याच विचारातून आन्सर सेट प्रोग्रामिंग उभं राहिलं: प्रश्न नियमांत लिहायचा, स्टेबल मॉडेल हेच उत्तर. नासाच्या स्पेस शटलची दिशा सांभाळणाऱ्या थ्रस्टर्समध्ये बिघाड झाला तर काय करायचं, याचं नियोजन करणारी प्रणाली २००१ च्या सुमारास त्यातच लिहिली गेली. खेळात बरोबरी हवी असेल तर बरोबरीचा नियम लिहा की.

तर्कटराव

दवाखान्याचा मुद्दा मान्य. प्रकरणं पाडून विचार करणं वेल-फाउंडेडला जमत नाही. पण किंमत बघा. प्रोग्रामात चलं नसतील, नुसती साधी विधानं असतील तर वेल-फाउंडेड मॉडेल बहुपदी वेळात, म्हणजे झटपट म्हणावं असं, निघतं. स्टेबल मॉडेल आहे की नाही, एवढंच विचारणं एनपी-कम्प्लीट, म्हणजे ज्यांची झटपट रीत अजून कोणाला सापडलेली नाही अशा प्रश्नांपैकी.

त्याहून वाईट म्हणजे हजार ओळींच्या प्रोग्रामात कोणी कोपऱ्यात 'प :- नाही प.' लिहिलं की सगळी स्टेबल मॉडेल्स गायब. दवाखान्याचा आणि त्या 'प'चा काडीचा संबंध नसताना! वेल-फाउंडेडमध्ये फक्त 'प' अनिश्चित राहतो, बाकीच्यांचं बरं चाललेलं असतं. एका भावाने कर्ज बुडवलं म्हणून अख्ख्या गावावर जप्ती, असा हा न्याय.

कंस_बंद_करा

दोघेही हवेत आहात. मी रोज प्रोलॉग लिहितो आणि माझी दुखणी वेगळी आहेत. 'अविवाहित विद्यार्थी कोण?' हे असं लिहिलं:

नाही विवाहित(क), विद्यार्थी(क).

जगात एक जण जरी विवाहित निघाला तरी पहिलीच पायरी फसते, उत्तर काहीच नाही. क्रम उलटा करा, विद्यार्थी आधी, की यादी येते. तर्कात 'आणि'च्या दोन्ही बाजू सारख्या, इथे नाहीत. किंमत न मिळालेल्या चलावर (इथे 'क') नकार येऊन अडणं, याला फ्लाउंडरिंग म्हणतात आणि नवशिक्याला यातच पहिला फटका बसतो. मला क्लार्क पुरतो. चलाला किंमत मिळाल्याशिवाय नकार तपासायचा नाही, एवढं पाळलं की झालं.

रात्रपाळी

@कंस_बंद_करा, क्लार्क पुरत नाही. दोन बेटं फक्त एकमेकांना जोडलेली आहेत, किनाऱ्यावरून तिथे होडी नाही. किनाऱ्यावरून तिथे पोहोचता येतं का? क्लार्कचं 'जर आणि तरच' म्हणतं: या बेटावर पोहोचलो तर त्या बेटावर, त्यावर पोहोचलो तर यावर. दोन्ही खरी धरली तरी विसंगती नाही! 'पोहोचता येत नाही' हे त्यातून सिद्धच होत नाही, आणि तुमचं प्रोलॉग तिथे गरगरत बसतं. याबाबतीत मी आणि तर्कटराव एका बाजूला: आधाराविना उभं राहिलेलं विधान आम्ही दोघेही पाडतो.

@तर्कटराव, ती 'प :- नाही प.' वाली जप्ती आम्ही मुद्दाम आणतो. 'प :- जोशी_कामावर, जोशी_रजेवर, नाही प.' असं लिहिलं की जोशी एकाच वेळी कामावर आणि रजेवर असलेलं प्रत्येक मॉडेल बाद. क्लिंगोमध्ये (आन्सर सेट प्रोग्रामिंगची प्रणाली) डोकं नसलेला, म्हणजे ':-'च्या आधी काहीच नसलेला नियम लिहितात तो हाच. कोणी चुकून लिहिलं तर चूक शोधावी. तुमच्याकडे तीच चूक 'अनिश्चित' म्हणून निमूट बसून राहते.

तर्कटराव

बाद करायचा नियम हवा तर तो वेगळा, बंधन म्हणून लिहावा. नकाराच्या पोटात कशाला दडवता? एक्सएसबीमध्ये (वेल-फाउंडेडवर चालणारं प्रोलॉग) 'अनिश्चित' निमूट बसत नाही, कशामुळे अनिश्चित तेही उत्तरासोबत मिळतं. आणि जिथे अनिश्चित काहीच उरत नाही, तिथे तुमचं स्टेबल मॉडेल एकच असतं, माझंच.

रात्रपाळी

तिथे भांडण कधी नव्हतंच. जोशी-कदमांचं बोला.